पोथीतला हात आणि स्वतःचा हात

दिवाळीच्या सुटीत घरोघर एक देखावा हमखास दिसतो. फराळाच्या बशा उचलल्या जातात, दिवाणखान्यात कॅरमचा बोर्ड मांडला जातो, बोरिक पावडरीचा हरवलेला डबा सापडतो आणि खेळ सुरू होतो. पाचव्या मिनिटाला घरातले कोणीतरी वडीलधारे, बहुधा काका किंवा मामा, पोराच्या हाताकडे बघून म्हणतात, "अरे, असा काय स्ट्रायकर मारतोस? बोट सरळ ठेव बघू!" पोरगा बोट सरळ ठेवतो आणि त्याचा नेम चुकतो. काकांची पाठ वळताच तो बोट पुन्हा आपल्या मनासारखे वाकडे करतो, आणि राणी आत!

आता यात चूक कोणाची? काकांची की पुतण्याची?

प्रश्न बोटाएवढा दिसतो खरा, पण त्याच्या पोटात फार मोठा वाद आहे. गवयांच्या घरात तो तालीम आणि गायकी या दोन शब्दांत सापडतो. स्वयंपाकघरात पुस्तकातला सपाट चमचा आणि आजीच्या हातची चिमूट यांच्यात तो रोजच चाललेला असतो. क्रिकेटवाल्यांनी तर त्यावर वर्षानुवर्षे वाद घातले आहेत. डॉन ब्रॅडमनची बॅट पुस्तकात सांगितल्याप्रमाणे सरळ मागे जात नसे, ती स्लिपच्या दिशेने जाई. आणि तरी त्याची कसोटीतली सरासरी ९९.९४!

पण या वादाचा निवाडा ज्या खेळात सर्वांत स्पष्ट दिसतो तो खेळ मैदानावरचा नव्हे, टेबलावरचा आहे. क्यू नावाची निमुळती काठी, हिरवे कापड ताणून बसवलेले टेबल आणि सहा पॉकेटे. बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूल ही त्याच घराण्यातली तीन भावंडे. बिलियर्ड्सला तीन चेंडू पुरतात, स्नूकरला बावीस लागतात, पुलात पांढरा धरून सोळा. यांतल्या स्नूकरचे जन्मगाव तर आपले जबलपूर. १८७५ साली तिथल्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने तो काढला असे मानले जाते. (पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेला चेंबरलेन तो हा नव्हे!)

या खेळात धावपळ नाही, ऊन नाही, समोरून अंगावर येणारा चेंडू नाही. चेंडू जागच्या जागी निमूट बसलेला असतो. खेळाडूला हवा तेवढा वेळ असतो. म्हणजे चुकले तर सबब सांगायला जागाच नाही. चूक आपल्या हाताची. म्हणूनच हात कसा असावा यावर या खेळात जेवढा खल झाला तेवढा क्वचितच दुसऱ्या कुठे झाला असेल.

पोथी काय सांगते?

पुलाची कोणतीही शिकवणी घ्या, पहिले चार पाठ जवळजवळ सारखेच असतात. पाय असे रोवा की कोणी हलकेच ढकलले तरी तोल जाऊ नये. पुढच्या हाताचा पंजा टेबलावर टेकवून त्याचा ब्रिज करा, म्हणजे क्यूला सरकायला पक्की खोबण मिळते. मागच्या हाताने क्यू धरा, पण आवळू नका. कोपर जागचे हलू देऊ नका. त्याच्या खालचा हात ओळंब्यासारखा सरळ लोंबू द्या आणि घड्याळाच्या लंबकासारखा मागेपुढे हलवा. डोके स्थिर ठेवा. आणि चेंडूला टोल बसल्यावरही क्यू पुढे जाऊ द्या, मध्येच आखडू नका.

नेम धरण्याचाही एक पाठ आहे. ज्या चेंडूला पॉकेटात धाडायचे, त्याच्या पाठीशी, पॉकेटाच्या बरोबर उलट बाजूला, एक अदृश्य चेंडू चिकटून बसला आहे अशी कल्पना करायची आणि आपला पांढरा चेंडू नेमका त्या जागी नेऊन ठेवायचा. नवख्याला हे भूत बरेच दिवस दिसत नाही. मुरलेल्या खेळाडूला ते पाहण्याची गरज उरत नाही. मधल्या अवस्थेतल्या माणसाला मात्र त्याचा फार आधार वाटतो.

या नियमांत कडकपणा का, हे एका लहानशा हिशेबाने कळेल. पुलाचा चेंडू सव्वादोन इंच व्यासाचा. तो एका अंशाने, फक्त एका अंशाने, वाकडा गेला तर सहा फुटांवर पोचेपर्यंत सव्वा इंच बाजूला पडतो, म्हणजे अर्ध्याहून अधिक चेंडू! एवढ्या बारीक कामात हाताला जितके सांधे हलवू द्यावे तितक्या चुकीच्या वाटा वाढतात. म्हणून पोथी म्हणते की खांदा थांबव, डोके थांबव, कोपर थांबव, एकच सांधा हलू दे. हे सांगणे अगदी शहाणपणाचे आहे. त्यावर वाद नाही.

पण पोथी लिहिली कोणी?

इथे मोठी मौज आहे. इंग्लंडात स्नूकरची जी पोथी पिढ्यान्‌पिढ्या प्रमाण मानली गेली ती जो डेव्हिस या खेळाडूची. वडिलांच्या पबमधल्या टेबलावर तो खेळायला शिकला. १९२७ साली व्यावसायिक खेळाडूंची पहिली जागतिक स्पर्धा भरवण्यात त्याचाच पुढाकार होता. ती त्याने जिंकली आणि तेव्हापासून १९४६ पर्यंत झालेल्या सगळ्या, म्हणजे एकूण १५ स्पर्धा जिंकून तो त्या स्पर्धेतून अपराजित बाहेर पडला. १९४९ साली त्याचे पुस्तक निघाले. त्याचे नाव, मराठीत सांगायचे तर, "मी स्नूकर कसा खेळतो".

पोथी सांगते की क्यू हनुवटीच्या मध्याखालून जावी, म्हणजे दोन्ही डोळ्यांना सारखी दिसेल. खुद्द जो डेव्हिसची क्यू मात्र हनुवटीच्या मध्याखालून जातच नसे! त्याचा उजवा डोळा अधू होता. त्यामुळे तो डाव्या डोळ्याने नेम धरी आणि त्याची क्यू डाव्या डोळ्याखालून जाई. कोणा कडक मास्तराने लहानपणीच त्याचे डोके धरून मध्यावर आणले असते, तर जगाला एक मध्यम खेळाडू मिळाला असता आणि पोथी लिहायला दुसरा कोणीतरी शोधावा लागला असता.

या पुस्तकाची पुढची गोष्ट आणखी बोलकी आहे. लंडनमधल्या बिल डेव्हिस नावाच्या एका स्नूकरवेड्या गृहस्थाने ते आपल्या मुलाच्या हाती दिले. आडनाव एक असले तरी जोशी त्यांचे नाते काही नव्हते. बाप-लेकांनी मिळून त्या पुस्तकाचे पारायण केले आणि मुलाचा हात त्याबरहुकूम घडवला. तो मुलगा म्हणजे स्टीव्ह डेव्हिस. १९८१ ते १९८९ या काळात तो सहा वेळा जगज्जेता झाला. त्याचा टोल पाहताना यंत्र चालल्याचा भास होई. पोथीचा इतका निष्ठावंत आणि इतका यशस्वी शिष्य दुसरा दाखवणे कठीण.

म्हणजे एका माणसाने आपल्या अधू डोळ्याशी जमवून घेत स्वतःचा हात घडवला, दुसऱ्याने त्याच्या अनुभवाला शास्त्र मानून आपला हात घडवला, आणि दोघेही शिखरावर पोचले! पहिल्याची सवय ती दुसऱ्याची पोथी झाली.

अमेरिकेची पोथी आणखी वेगळी. तिथला पूलसम्राट विली मॉस्कोनी फिलाडेल्फियाचा. त्याच्या वडिलांचेच पूलगृह होते, पण पोराने या नादाला लागू नये म्हणून ते चेंडू कुलपात ठेवत. पोरगा रात्री बटाटे घेऊन केरसुणीच्या दांड्याने सराव करी. १९५४ साली याच मॉस्कोनीने ओहायोमधल्या स्प्रिंगफील्ड गावी लागोपाठ ५२६ चेंडू न चुकता पॉकेटात घातले. हा विक्रम पुढे ६५ वर्षे, २०१९ पर्यंत, अढळ राहिला.

मॉस्कोनीच्या काळच्या अमेरिकन पोथ्या सांगत की तर्जनीचे कडे करून क्यू त्यात ओवावी, म्हणजे ती इकडेतिकडे हलत नाही. इंग्लंडची पोथी सांगे की अंगठा आणि बोट यांच्या खाचेवर क्यू नुसती टेकवावी, म्हणजे नजरेआड काही येत नाही. अमेरिकन खेळाडू पुष्कळसा उभा राहून खेळे. इंग्लिश खेळाडू हनुवटी क्यूला घासेल इतका वाकून खेळे. दोन्हीकडचे मास्तर आपापल्या विद्यार्थ्यांना "हेच बरोबर" म्हणून बजावत. मग १९९५ साली अ‍ॅलिसन फिशर ही इंग्लिश स्नूकरपटू अमेरिकेत गेली. तिथल्या पोथीकडे दुर्लक्ष करून ती हनुवटी क्यूवर ठेवून, उघड्या ब्रिजनेच पूल खेळू लागली आणि बायकांच्या स्पर्धांमागून स्पर्धा जिंकत सुटली. पूलगृहांतल्या पुष्कळ जाणत्यांना तेव्हा आपली पोथी पुन्हा उघडून पाहावी लागली.

चेंडूला काय कळते?

दोन पोथ्या एकमेकींच्या विरुद्ध बोलत असतील तर खरा कायदा कोणाचा? उत्तर सोपे आहे. कायदा चेंडूचा.

क्यूचे टोक आणि चेंडू यांची गाठ पडते ती सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागापुरती. तेवढ्या क्षणात चेंडूला चारच गोष्टी कळतात. क्यू कोणत्या दिशेने आली, किती वेगाने आली, चेंडूवर कोणत्या जागी लागली आणि किती तिरपी वरून खाली आली. खेळाडूचे पाय कुठे होते, कोपर आत होते की बाहेर, तो डावखुरा की उजवा, त्याने पोथी वाचली की नाही, यांतले चेंडूला काहीही ठाऊक नसते.

या कायद्याचा अभ्यास फार जुना आहे. वादळांच्या फिरण्याचे गणित ज्याच्या नावाने ओळखले जाते त्या कोरिऑलिस या फ्रेंच गणितज्ञाने १८३५ साली बिलियर्ड्सच्या गणितावर एक ग्रंथच लिहिला. त्यातली काही कलमे गंमतीची आहेत. चेंडूच्या उंचीचे दहा भाग कल्पून खालून सातव्या भागावर आडवा टोल दिला तर चेंडू न घसरता पहिल्या क्षणापासून गरगर पुढे लोळू लागतो. त्याखाली मारला तर तो आधी घसरतो. कापडावरून नुसता घसरत, लोळण्याची गती नसताना, पांढरा चेंडू दुसऱ्याला तिरका धडकला, तर तो दुसऱ्याच्या मार्गाशी काटकोन करून निघतो. त्याला पुढची फिरक असेल तर ती वाट पुढे वळते, उलटी फिरक असेल तर मागे. कॅरमचा स्ट्रायकर फक्त सरपटतो, चेंडू लोळतो, आणि या एका फरकापायी पुलात एवढी जादू शिरली आहे.

हा कायदा लक्षात घेतला की पोथीतल्या काही वचनांचा अर्थही नीट उमगतो. "टोल बसल्यावर क्यू पुढे जाऊ द्या" हेच घ्या. टोल बसला, चेंडू निघून गेला, आता क्यू पुढे गेली काय की हवेत नाचली काय, चेंडूला त्याचे काय? काहीच नाही! मग हा नियम कशासाठी? तर पुढे जाण्याच्या इराद्याने निघालेला हात टोलाच्या क्षणी आखडत नाही, म्हणून. नियम टोलानंतरच्या वागणुकीचा आहे, पण त्याचे फळ टोलाच्या क्षणाला मिळते. पोथीतले पुष्कळ नियम असेच असतात. ते स्वतः कायदा नसतात, कायदा पाळला जावा म्हणून घातलेले कुंपण असतात. कुंपणाला कायदा समजणे ही मास्तरांची चूक, आणि कुंपण ओलांडले म्हणजे कायदाही मोडता येतो असे समजणे ही विद्यार्थ्यांची.

एकलव्याचे वंशज

आता कुंपण ओलांडूनही कायदा पाळणारे काहीजण पाहू.

फिलिपाईन्समधल्या पाम्पांगा प्रांतात १९५४ साली एफ्रेन रेयेस जन्मला. पाच वर्षांचा असताना त्याला मनिलात मामाकडे पाठवले. मामाचे पूलगृह होते. पोरगा तिथे पडेल ते काम करी आणि रात्री टेबलावरच झोपे. खेळायचे तर टेबल उंच पडे, म्हणून कोकाकोलाची खोकी सरकवून त्यांवर उभा राही. पुस्तक नाही, वर्ग नाही. समोर खेळणाऱ्या माणसांचे हात, हीच शाळा.

त्याची तऱ्हा पाहून कोणत्याही मास्तराने कपाळाला हात लावला असता. मागच्या हाताने तो क्यू अगदी शेवटच्या टोकाशी धरतो आणि तीही इतकी सैल की आता निसटते की काय असे वाटावे. नेम धरताना क्यूचे टोक खाली कापडाला शिवेल इतके झुकलेले असते, आणि टोलाच्या ऐन क्षणी ते वर येऊन नको तिथे नव्हे, नेमके हवे तिथे लागते! पोथी म्हणते की जिथे मारायचे तिथेच टोक आधी धरून ठेवा. रेयेस धरतो एका जागी आणि मारतो दुसऱ्या जागी.

१९८५ साली तो अमेरिकेत गेला तो सेझार मोरालेस हे खोटे नाव घेऊन, कारण त्याची कीर्ती त्याच्या आधी तिथे पोचली होती. १९९४ साली तो अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकणारा पहिला परदेशी खेळाडू ठरला. १९९६ साली हाँगकाँगमध्ये अर्ल स्ट्रिकलंडशी त्याचा सामना झाला. जो आधी १२० डाव जिंकेल तो एक लाख डॉलर नेईल अशी अट होती. तीन दिवस चाललेली ती झुंज रेयेसने १२० विरुद्ध ११७ अशी जिंकली. आणि १९९९ साली कार्डिफला तो जगज्जेता झाला. त्याचे टोपणनाव "जादूगार". पण जादू कसली? आडवा आलेला चेंडू चुकवून दोन-तीन कुशनांवरून पांढरा चेंडू फिरवून आणण्याचे जे कसब लोकांना जादू वाटे, ते मनिलातल्या नाना तऱ्हेच्या खेळांत हजारो तास घासून आलेले होते.

अमेरिकेत कीथ मॅक्रेडी नावाचा एक अवलिया खेळाडू होऊन गेला. लंबकाचा नियम त्याला मंजूरच नव्हता. त्याचे कोपर अंगापासून दूर बाहेर निघे आणि हात बाजूने झोके घेई. असे वाटे की हा चेंडू मारत नसून पंख्याने वारा घालतो आहे! तरी पैशाच्या पैजांत भले भले त्याच्यापुढे नमत. १९८६ सालच्या "द कलर ऑफ मनी" या चित्रपटात तो टॉम क्रूझसमोर खेळताना दिसतो. ज्यांना वाकड्या हाताचा सरळ चेंडू पाहायचा असेल त्यांनी तो अवश्य पाहावा.

आणि बेलफास्टचा अ‍ॅलेक्स हिगिन्स! टोल मारता मारता तो उसळून उभा राही. डोके स्थिर ठेवण्याचा नियम त्याच्या गावीही नव्हता. तो १९७२ साली, वयाच्या २२ व्या वर्षी, पहिल्याच प्रयत्नात जगज्जेता झाला. १९८२ च्या उपांत्य सामन्यात जिमी व्हाइट त्याच्यापुढे एका डावाने होता आणि चालू डावातही ५९ गुणांनी. एक चूक झाली की सामना संपला, अशा अवस्थेत हिगिन्सने एका मागून एक अवघड चेंडू घालत ६९ गुण केले, डाव जिंकला, सामना जिंकला आणि पुढे अजिंक्यपदही. त्या खेळीत पांढरा चेंडू सोईच्या जागी क्वचितच थांबला होता. पोथी ज्याला चूक म्हणते तीच परिस्थिती पुनःपुन्हा समोर येत होती आणि हा पठ्ठ्या तिच्यातूनच वाट काढत होता.

मोल किती?

इथवर वाचून एखादा चिरंजीव आनंदाने उडी मारील. "पाहिलेत? पोथी वगैरे सगळे झूट!" त्याने जरा थांबावे.

रेयेस पाच वर्षांच्या वयापासून पूलगृहात राहिला. दिवसाही टेबल आणि रात्री गादीही टेबलच. हिगिन्सने पोरवयातले तासन्‌तास बेलफास्टच्या जॅमपॉट नावाच्या अड्ड्यात काढले. वाकड्या वाटेने गावाला जाता येते, नाही असे नाही, पण ती वाट इतक्या वेळा तुडवावी लागते की तिचा रस्ता व्हावा. पोथी ही जवळची वाट आहे. आठवड्यातून दोन तास खेळणाऱ्या कारकुनाला, वकिलाला, कॉलेजातल्या मुलाला ती वाट सोडणे परवडणारे नाही. टोलाच्या क्षणी क्यूचे टोक उचलून नेमक्या जागी आणण्याची रेयेसची हातचलाखी दोन तासांत साधत नाही. दोन तासांत फक्त तिचे सोंग साधते.

दुसरे मोल दुरुस्तीचे. पोथीप्रमाणे घडलेल्या हाताचे भाग सुटे करून पाहता येतात. नेम बिघडला तर पाय तपासा, ब्रिज तपासा, कोपर तपासा. ज्याचा हात आपोआप घडला, त्याला तो बिघडल्यावर कुठून उघडावा हेच कळत नाही. जे कसे आले ते ठाऊक नाही, ते गेल्यावर शोधायचे कुठे?

मात्र पोथी म्हणजे विम्याची पॉलिसी नव्हे, हेही सांगितले पाहिजे. स्टीव्हन हेंड्री हा सुरेख घडलेल्या हाताचा खेळाडू. १९९० ते १९९९ या काळात तो सात वेळा जगज्जेता झाला. पण पुढे क्यू सरळ पुढे ढकलतानाच त्याचा हात अवघडू लागला. आपल्याला या व्याधीने कित्येक वर्षे ग्रासले होते हे त्याने नंतर स्वतःच सांगितले. सरावाला बसले की टोल ठीक, सामन्यात उभे राहिले की हात अडे. तो २०१२ साली निवृत्त झाला. आणि स्टीव्ह डेव्हिस? १९८५ च्या अंतिम सामन्यात ८ विरुद्ध ० अशी आघाडी असताना तो डेनिस टेलरकडून १८ विरुद्ध १७ असा हरला, तोही मध्यरात्र उलटून गेल्यावर, अगदी शेवटच्या काळ्या चेंडूवर! यंत्रासारखा तो हात ऐन वेळी केसभर जास्त कापून गेला.

त्या सामन्यात टेलरच्या डोळ्यांवर एक मोठा विचित्र चष्मा होता, उलटा लावल्यासारखा दिसणारा. लोक हसत. पण क्यूवर वाकून वर बघताना साध्या चष्म्याची कड नजरेआड येते, म्हणून त्याने काचा उंच बसवलेला चष्मा मुद्दाम करवून घेतला होता. कोणत्याही पोथीत असा चष्मा सांगितलेला नाही. पोथी लिहिणारा चष्मेवाला नव्हता, एवढेच त्याचे कारण!

गरजेतून की घाईतून?

आपल्याकडे या खेळातले थोर नाव विल्सन जोन्स यांचे. ते पुण्यात १९२२ साली जन्मले. १९५८ साली कलकत्त्याला ते हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. कोणत्याही वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेले ते पहिले भारतीय. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी तो पराक्रम पुन्हा केला. त्यांच्या मागून मायकेल फरेरा, गीत सेठी, पंकज अडवाणी अशी रांगच लागली. जोन्स यांना खेळाडू म्हणून अर्जुन पुरस्कार मिळाला आणि पुढे १९९६ साली प्रशिक्षक म्हणून द्रोणाचार्य पुरस्कार. अर्जुन आणि द्रोण एकाच माणसाच्या ठायी! महाभारतात हा योग आला नाही, आणि एकलव्याचे काय झाले ते आपण जाणतोच. त्याचा हात चुकीचा होता असे द्रोणाचार्यांनीही कधी म्हटले नाही. अडचण एवढीच होती की तो वर्गाबाहेर शिकला होता.

शिकवणाऱ्याचे, आणि घरी आईबापांचेही, खरे कौशल्य इथेच लागते. समोरच्या मुलाचा हात वेगळा आहे. तो वेगळेपणा सुधारायचा की सांभाळायचा?

वर सांगितलेल्या माणसांकडे पाहून मला एक कसोटी सुचते. हे वेगळेपण गरजेतून आले की घाईतून? जो डेव्हिसचा डोळा अधू, टेलरला चष्मा, रेयेसला टेबल उंच. त्यांनी केलेली तडजोड ही शरीराशी आणि परिस्थितीशी केलेली तडजोड होती. अशा वेगळेपणाला हात लावताना दहादा विचार करावा. पण टोल मारण्याआधीच डोके वर उचलणारी शंभर पोरे घेतली तर त्यांतली बहुतेक हिगिन्सचे वंशज नसतात. चेंडू गेला की नाही हे बघायची त्यांना उतावीळ झालेली असते, एवढेच! तो स्वतःचा हात नव्हे, ती नुसती खोड. तिला मायेने पण वेळीच आवर घालावा.

आणि निवाडा आपल्याला करवत नसेल तर तो चेंडूकडेच सोपवावा. स्नूकरच्या वर्गात एक जुनी परीक्षा आहे. पांढरा चेंडू टेबलाच्या लांबीच्या मध्यरेषेवर ठेवायचा आणि समोरच्या कुशनवर सरळ मारायचा. जिथून निघाला त्याच रेषेने परत येऊन तो क्यूच्या टोकाला भिडला, तर टोल सरळ. जरा जरी बाजूला सरकला, तर आपण नकळत त्याला कडेची फिरक देतो आहोत किंवा तिरके मारतो आहोत. ही परीक्षा वीस वेळा घ्यावी. आज घ्यावी, आठवड्याने घ्यावी, चार पाहुणे बघत असताना घ्यावी. वीसपैकी अठरा वेळा चेंडू इमानाने परत येत असेल तर कोपर बाहेर आहे की आत, याची चर्चा काकांनी खुशाल बंद करावी. येत नसेल, तर चिरंजिवांनी "ही माझी स्टाइल आहे" हे वाक्य मुकाट्याने गिळावे आणि पोथीचे पहिले पान उघडावे.

शेवटची गोष्ट त्या पोथीच्याच नावाची. पंधरा वेळा जग जिंकलेल्या माणसाला आपल्या पुस्तकावर "स्नूकर असाच खेळावा" असे छापण्याचा अधिकार होता. कोणी हरकत घेतली नसती. त्याने मात्र "मी कसा खेळतो" एवढेच छापले. त्या मुखपृष्ठावरचा "मी" वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या लक्षात राहतो. मुलाच्या हातात कोणतीही पोथी देताना तेवढा शब्द त्याला बोट ठेवून दाखवावा.